सुरळीचं पान

केळीचं पहिलं पान गेलं ते मंगळवारी. सुनेत्राला आधी वाटलं, गाय शिरली असेल. दूधवाला मागच्या अंगणाचं फाटक कधीकधी सताड उघडं टाकून जायचा. पण गाय पान ओरबाडते, चिंध्या करते. हे पान देठापासून एका फटक्यात कापलेलं होतं. शिवाय बाहेरची मोठी, सहज हाताशी येणारी पानं सोडून मधली, नुकती उलगडू लागलेली सुरळीच गायीने कशी निवडली असती?

चंडीगढच्या एकविसाव्या सेक्टरातल्या त्या घराचा तळमजला परुळेकरांकडे भाड्याने होता. दिगंबर केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर येऊन चार वर्षं झालेली. सुनेत्रा कोकणातल्या आचऱ्याची. पहिल्या उन्हाळ्यात मागचं कोरडं अंगण बघून तिला रडू आलं होतं, आणि तेव्हाच तिने ठरवलं की इथे आपल्याकडची झाडं लावायची. कोकमाची दोन रोपं पहिल्याच थंडीत गेली. आठळी पेरून उगवलेला फणस डिसेंबरात काळा पडला, फेब्रुवारीत बुंध्यातून पुन्हा फुटला. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती त्याला गोणपाटाचा अंगरखा घालायची. पपई आणि पेरू मात्र मजेत होते. केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्लं, तिने ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीतून मुंबईला आणि तिथून आगगाडीने इथवर आणले होते. आता त्यांचं चांगलं बेट झालं होतं. गल्लीतल्या बायका आधी हसल्या, मग येऊ लागल्या. कोणाला गजकर्णावर लावायला कच्च्या पपईचा चीक हवा असे, कोणाला तोंड आलं म्हणून चघळायला पेरूची कोवळी पानं. केळफुलाची भाजी करायला तिने दोघीतिघींना शिकवलंही होतं.

ते सत्त्याऐंशी साल होतं. गेल्याच महिन्यात अंबाल्याच्या रस्त्यावर अतिरेक्यांनी बस थांबवून माणसांना गोळ्या घातल्या होत्या. बाजारात वाळूच्या पोत्यांमागे बंदुका घेऊन पोलीस बसायचे. बसमध्ये चढलं की माणसं आधी सीटखाली वाकून बघायची आणि मग शेजारी कोण बसलंय ते बघायची. दिगंबर-सुनेत्राने आपली मुलगी नयना जूनमध्येच कुडाळला मामाकडे शिकायला पाठवली होती. घरात दोघंच. त्या वर्षी पाऊसही नव्हता. सुनेत्रा आंघोळीचं, भांड्यांचं पाणी बादलीने केळींना घालायची आणि पानांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची, कारण दोन आठवड्यांवर गणपती आले होते. महाराष्ट्र मंडळाच्या पहिल्या दिवसाच्या पंगतीला पानं तिच्याकडून जायची, हा शिरस्ता होता.

गुरुवारी दुसरं पान गेलं. शनिवारी तिसरं. दर वेळी सुरळीच.

फाटकाला आता आतून कुलूप होतं. म्हणजे हे काम घरातल्याच माणसाचं. आणि घरात त्यांच्याखेरीज एकच माणूस होता, वरच्या मजल्यावरचा हरदेव सिंग.

हरदेव सिंगला येऊन तीन महिने झाले होते. पंचेचाळिशीचा, उंच, अबोल. बाविसाव्या सेक्टरच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. घरमालक लुधियान्याला असत. त्यांनी पत्रात एवढंच लिहिलं होतं की माणूस एकटा आहे, सभ्य आहे. जिन्यात भेटला तर तो "सत श्री अकाल, भाभीजी" म्हणून भिंतीला चिकटून वाट द्यायचा. एरवी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. पण आता सुनेत्राला एकेक गोष्ट खटकू लागली. एवढ्या उकाड्यात त्याच्या खिडक्या बंद. वरच्या मोरीचं पाणी खालच्या गटारात पडायचं, त्याला डेटॉलचा वास. शिवाय नळ चालू झाला की तिच्या कानांना वर ताट, वाटी, पुन्हा ताट, वाटी विसळल्याचं ऐकू यायचं. एकट्या माणसाला दोन ताटं कशाला?

"अहो, वर कोणीतरी आहे," ती दिगंबरला म्हणाली.

दिगंबरने वर्तमानपत्र खाली केलं. "असेना."

"मग लपवतात कशाला?"

"हे बघ, त्याच्या दुकानात तारा असतात, बॅटऱ्या असतात. दोन वर्षांपूर्वी ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब निघाले होते, आठवतंय ना? तो तसला कोणी नसेल तर प्रश्नच नाही. आणि असेल तर आपल्याला कळलंय हे त्याला कळता कामा नये. तू वर बघूसुद्धा नकोस."

वर बघू नको म्हटल्यावर तिचं दुसरीकडे लक्षच लागेना.

रविवारी सकाळी हरदेव सिंग अंगणातल्या नळावर घागर भरत होता. सुनेत्रा मुद्दाम बाहेर आली. "सरदारजी, मेरे केले के पत्ते कोई काट रहा है."

त्याने मान वर केली नाही. "बंदर होगा, भाभीजी."

"बंदर छुरीने काटता है?"

घागर भरून वाहू लागली तरी तो तसाच उभा राहिला. मग नळ बंद करून, काही न बोलता जिना चढून गेला. त्याच्या बाहीला तुपाचा डाग होता. चोरी कबूल करणारा माणूस तिला चालला असता, या न बोलण्याने ती घाबरली.

सोमवारी दुपारी कचरा टाकायला गेली तेव्हा तिला ते दिसलं. डब्यात वर्तमानपत्राची पुडी सुटून पडली होती. आत केळीच्या पानाचे तुकडे होते. मऊ पडलेले, पिवळट डागांचे, तूप लागलेले, एखाद्या अंगावर लावून काढलेले. सुनेत्रा तिथेच थबकली. तिला आचऱ्याची आते आठवली. उकड्या तांदळासाठी भात उकळताना हंडा कलंडला आणि आतेच्या मांडीपासून घोट्यापर्यंत कातडी सोलली गेली. वैद्याने सांगितलं होतं, कपडा लावू नका, तो चिकटतो आणि काढताना मांस घेऊन येतो. कोवळ्या सुरळीचं पान लावा. थंड असतं, चिकटत नाही. महिनाभर सुनेत्राच सकाळी सुरळ्या कापून आणायची. म्हणून तर, कोणीतरी फक्त सुरळीच नेतंय, हे तिला इतकं बोचत होतं.

वर भाजलेलं माणूस होतं.

आणि भाजलेलं माणूस लपवून कोण ठेवतं? हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर असताना? त्याच आठवड्यात तिने वाचलं होतं की कुठल्याशा गावात ट्यूबवेलच्या खोलीत बॉम्ब बनवताना स्फोट झाला, एक जागीच मेला आणि दुसरा जखमी होऊन पळाला. तिने पुडी पायाने डब्याच्या तळाशी ढकलली. घरात येऊन दाराला कडी लावली, मग खिडक्यांनाही लावली. दिगंबर संध्याकाळी आला तेव्हा तिने त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पुन्हा म्हणाला असता, बघू नकोस. आणि तिचं बघून झालं होतं.

मंगळवारी साडेबाराला हवालदार आला. भाडेकरूंची माहिती घेत तो घरोघर फिरत होता, असं दर दोन-तीन महिन्यांनी चालायचं. पुढच्या फाटकाशी उभं राहूनच त्याने वही उघडली. नाव, गाव, कचेरी. मग पेन्सिलीने वर दाखवलं. "ऊपर?"

"हरदेव सिंग. एकटे राहतात, असं ते सांगतात," ती तिच्या हिंदीत म्हणाली.

पेन्सिल थांबली. "सांगतात?"

तिथे ती थांबू शकली असती. पुढे कित्येक वर्षं तिला तो क्षण दिसायचा. फाटकाचा तापलेला लोखंडी दांडा तिच्या हाताखाली होता आणि तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडत होते. दोन ताटं. डेटॉल. पानं. पुडी. बोलताना तिला हलकं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर बरं वाटलं. हवालदाराने यातलं काहीच वहीत लिहून घेतलं नाही. त्याने वही मिटली, सायकल फिरवली आणि आला होता त्यापेक्षा जोरात निघून गेला. मग मात्र वरच्या खिडकीकडे बघायचं तिने टाळलं.

तीनच्या सुमाराला जीप आली. हरदेव सिंगला त्यांनी दुकानातूनच उचलून आणलं होतं. सगळे वर गेले. खुर्च्या सरकल्याचा, पेट्या उपडी केल्याचा आवाज अर्धा तास येत राहिला. मग कोणीतरी जिन्यातून ओरडून सांगितलं, "बुढी है, साब. जली हुई. हिल भी नहीं सकती."

हरदेव सिंगला खाली आणलं तेव्हा त्याची पगडी सैल झाली होती. दुरुस्तीला आलेले चार रेडिओ एका चादरीत बांधून एक शिपाई मागून येत होता. सुनेत्रा दारात उभी होती. तिच्यापाशी आल्यावर हरदेव सिंग थांबला. "भाभीजी," तो म्हणाला, "ऊपर दरवाज़ा खुला है. भैणजी को पानी दे देना."

एवढंच. जीप गेली.

गल्लीतली सगळी दारं बंद होती. सुनेत्रा पाच-दहा मिनिटं जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी राहिली. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन पाणी उकळत ठेवलं, कोयता घेतला आणि अंगणात जाऊन उरलेली सगळ्यात कोवळी सुरळी कापली. उकळत्या पाण्याचं पातेलं, तूप, दूध आणि कोयता घेऊन ती जिना चढली.

वर खोलीभर कपडे आणि भांडी विखुरली होती. चारपाईवर एक पंचावन्न-साठची बाई पालथी पडली होती. उजवा हात, खांदा, अर्धी पाठ भाजलेली. पानं लावलेली होती, पण अंदाजाने, शीर न काढता, नुसती पुसून. त्या बाईने मान वळवून सुनेत्राकडे पाहिलं. ते पाहणं सुनेत्राला सोसवेना. तिने खाली मान घालून पान उकळत्या पाण्यातून काढलं, निववलं, मधली शीर काढून पट्ट्या केल्या, तूप लावलं. जुनी पानं एकेक करून उचलली. बहुतेक ठिकाणी खाली गुलाबी कातडी धरत होती. खांद्याजवळ मात्र पू होता.

"कोण आहेस तू?" बाईने विचारलं.

"खालची."

बाईने डोळे मिटून घेतले. सुनेत्राने आणलेलं दूध तिने घेतलं नाही. पाणी मात्र घागरीतलं काढून दिलं तेव्हा प्याली.

दिगंबर घरी आल्यावर जे व्हायचं तेच झालं. "तू वर गेलीस? अगं, पोलीस येऊन गेलेत त्या खोलीत! उद्या आपलं नाव—"

"तिला पालथं सोडून आलेत ते. पाणी द्यायलासुद्धा कोणी नाही."

"पोलिसांना कळलं कसं, पण?"

सुनेत्रा पोळ्या लाटत होती. ती लाटतच राहिली. "काय माहीत," ती म्हणाली. नवऱ्याशी इतकं साधं खोटं ती कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टर पद्मजाला बोलावलं. पद्मजा नागपूरची, मोठ्या हॉस्पिटलात काम करायची आणि मंडळामुळे ओळखीची होती. तिने हातमोजे घालून सगळं तपासलं. "पानांनी पुष्कळ वाचवलंय," ती म्हणाली. "आम्ही जाळी लावली असती, ती काढताना या जिवाच्या आकांताने ओरडल्या असत्या. पण खांदा सडतोय, सुनेत्रा. तिथे पान पुरणार नाही. आजच दाखल करायला हव्यात." मग तिने आवाज उतरवला. "भाजल्याची केस आहे. पोलिसांना कळवावं लागतं. म्हणूनच यांना आणलं नसेल."

चारपाईवरून आवाज आला. बाई हिंदीत, सावकाश बोलली. "ज्याला भीत होतो ते होऊन गेलं. आता चला."

तिचं नाव प्रीतम कौर. हरदेव सिंगची मोठी बहीण, विधवा, गावच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. काय घडलं ते तिने हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही सुनेत्राने विचारलं नव्हतं तेव्हा. एका संध्याकाळी चौघं दारात आले, हातात बंदुका. रोटी मागितली. तिने दिली. "नाही म्हणून कुठे जाणार होते?" दुसऱ्या दिवशी पोलिसांनी येऊन विचारलं, का दिली? तिने त्यांनाही तेच सांगितलं. आठवड्याने घराला आग लागली. "यांनी लावली की त्यांनी, मला ठाऊक नाही. दोघांच्याही पायांत बूटच होते." हरदेव सिंगने तिला भाजी नेणाऱ्या टेंपोत, ताडपत्रीखाली घालून शहरात आणलं. हॉस्पिटलात नेलं असतं तर गावाचं नाव निघालं असतं, रोट्यांचं निघालं असतं. केळीच्या पानाचं त्याला दुकानात आलेल्या एका मद्रासी गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. सुरळीच घ्या, असं बजावून सांगितलं होतं.

दाखल करताना कारकुनाने पत्ता विचारला तेव्हा सुनेत्राने आपला दिला, आणि 'मार्फत' या रकान्यात दिगंबर परुळेकर असं लिहिलं. ते कळल्यावर दिगंबर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो कचेरीतून निघून, गळ्यात ओळखपत्र अडकवून, कोणाला न सांगता पोलीस चौकीत गेला. आयुष्यात पहिल्यांदाच. तिथे त्याने सांगितलं की हा माणूस आमच्या वर राहतो, त्याची बहीण हॉस्पिटलात आहे, डॉक्टरांचा कागद हा असा आहे, आणि त्याने आमची पानं कापली त्याबद्दल आमची तक्रार नाही.

घरी आला तो पायांतले बूटही न काढता खुर्चीत बसला.

"तिथला अधिकारी हसला माझ्याकडे बघून," तो म्हणाला. "म्हणाला, आपकी मिसेज़ ने ही तो बताया था."

सुनेत्राने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, काय माहीत."

"हो."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही गप्प बसायला सांगितलं असतं," ती म्हणाली. "आणि तेच बरोबर ठरलं असतं. म्हणून नाही सांगितलं."

दिगंबरने वाकून बूट काढले. मग म्हणाला, "मी तरी काय, भीतीनेच गप्प बसणार होतो. त्यात शहाणपण कसलं?" त्या दिवशी दोघांनी जेवताना एकमेकांना वाढलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात प्रीतम कौरच्या केसांना तेल लावताना सुनेत्राने सांगून टाकलं. तिची बोटं थांबली नाहीत, थांबवली असती तर धीर झाला नसता. "हवालदाराला मी सांगितलं होतं. मला वाटलं, वर बॉम्बवाला आहे."

"माहीत आहे," प्रीतम कौर म्हणाली. "चारपाई खिडकीशीच होती, पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. तू हात करून करून सांगत होतीस. मग संध्याकाळच्या आत तू कोयता घेऊन वर आलीस. मला वाटलं, उरलंसुरलं बघायला आली. तुझ्या दुधात काय असेल कोण जाणे, म्हणून नाही घेतलं."

"मग पानं का लावू दिलीत?"

"पालथ्या माणसाला काय, ज्याचा हात लागेल तो लागेल," प्रीतम कौर म्हणाली. "तुझा हात हलका होता. तेव्हा मला जास्तच भीती वाटली."

"मला माफ करा, भैणजी."

प्रीतम कौरने माफ केलं असं म्हटलं नाही, नाही केलं असंही नाही. "तेल डाव्या बाजूला कमी लागलंय," ती म्हणाली.

हरदेव सिंग नवव्या दिवशी सुटला. चालताना तो डावा पाय ओढत होता आणि चार रेडिओंपैकी दोनच परत मिळाले होते. त्याला कोणी काय सांगितलं होतं, सुनेत्राला कधीच कळलं नाही. जिन्यात भेटला तर आताही भिंतीला चिकटून वाट द्यायचा, पण 'सत श्री अकाल' म्हणायचा नाही. सुनेत्राने एकदा धीर करून तोंड उघडलं तेव्हा तो म्हणाला, "रहने दीजिए, भाभीजी," आणि वर निघून गेला. त्या वर्षी मंडळाची पंगत कागदी पत्रावळींवर झाली. लोकांनी विचारलं तेव्हा, मोठी पानं झाडांवर तशीच असताना, सुनेत्रा म्हणाली, यंदा पानं झाली नाहीत.

सप्टेंबरअखेर भावाबहिणीने घर सोडलं. चंडीगढजवळच्या खरड गावात कोणा ओळखीच्यांची एक खोली मिळाली होती. टेंपोत सामान चढवताना दिगंबरने एक पेटी उचलायला हात लावला. हरदेव सिंगने लावू दिला. प्रीतम कौर पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली, हात गळ्यातल्या झोळीत. सुनेत्राने खिडकीपाशी जाऊन विचारलं, "मी येऊ कधी बघायला?"

"ये. पण कळवून ये. आम्ही न कळवता आलेल्याला दार उघडत नाही."

डिसेंबरात सुनेत्राने पोस्टकार्ड टाकलं आणि ठरल्या दिवशी बसने खरडला गेली. दिगंबर म्हणाला होता, मी येतो. ती नको म्हणाली. वाटेत नाक्यावर बस थांबवून सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या. तिच्या पिशवीत आवळ्याचा मोरंबा होता, शिपायाने बरणीचं झाकण काढून वास घेतला. खोली शोधत ती एका अरुंद गल्लीत शिरली, दार वाजवलं. आतून आवाज नाही. तिने नाव सांगितलं. मग पुन्हा सांगितलं, गावाच्या नावासकट. शेजारच्या घरातली बाई बाहेर येऊन तिच्याकडे, तिच्या पिशवीकडे, तिच्या चपलांकडे बघून आत गेली.

साखळी तशीच ठेवून दार चार बोटं उघडलं.

"साथ में कौन है?" प्रीतम कौरने विचारलं.

"कोई नहीं. अकेली हूँ."

फटीतून प्रीतम कौरने गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं. मग दार लागलं, साखळीचा आवाज झाला आणि दार उघडलं. तिचा उजवा हात आता खांद्यापर्यंत वर जात होता, त्याच हाताने तिने सुनेत्राला आत ओढून घेतलं आणि मागे कडी लावली. हरदेव सिंग दुकानात होता. दोघी चुलीशी बसल्या. सुनेत्रा चार वाजेपर्यंत थांबली, कारण त्यानंतरच्या बसला नाक्यावर फार वेळ लागायचा.